खंडोजी अण्णांचा पंधरा दिवसांचा वर्ग

दुकान घ्यायला आलेल्या माणसांना शिकवून तयार करायचं, यासाठी कंपनी खंडोजी अण्णांना पगार द्यायची. आणि अण्णा पहिल्या दिवशी साडेनऊच्या ठोक्याला वर्गात यायचे, पिशवी खुंटीला लावायचे, समोरच्या दहाबारा चेहऱ्यांकडे एकेक करून बघायचे आणि म्हणायचे, "बेडा."

बेडा म्हणजे कन्नडमध्ये 'नको'. कुणाला कळलं नाही तर तेच मराठीत, मग हिंदीत, मग स्वतःच्या इंग्रजीत. "दुकान नको. डोंट टेक. अजून वेळ गेला नाही. कॉफी प्या आणि घरी जावा."

दहातले एकदोघं खरोखरच कॉफी पिऊन घरी जायचे. अण्णा त्यांना फाटकापर्यंत सोडायला जायचे आणि परत यायचे ते मुलीचं लग्न ठरवून आल्यासारख्या चेहऱ्याने. कंपनीचे मालक प्रसन्न सर वरच्या मजल्यावरच्या काचेतून हे बघत असायचे. जाहिराती देऊन, फोनवर फोन करून जमवलेली माणसं अण्णा अशी परत पाठवत, आणि सर काचेला कपाळ टेकवून उभे राहत.

मग अण्णांना काढून का टाकत नव्हते? कारण 'बेडा' ऐकूनही जे बसून राहायचे आणि अण्णांचा पंधरा दिवसांचा वर्ग पुरा करायचे, त्यांची दुकानं चालायची. हे सरांनाही माहीत होतं आणि अण्णांना तर होतंच.

आमची कंपनी होळिगे विकायची. होळिगे म्हणजे आपली पुरणपोळी. असं म्हटलेलं अण्णांना खपत नसे. "आपली कशी? तुमचा लाटतात, आमचा थापतात," ते म्हणायचे. प्रसन्न सरांच्या आईने बंगळूरला जयनगरात घराच्या पुढच्या खोलीत तवा मांडून सुरू केलेलं ते दुकान. डाळीची, खोबऱ्याची, गाजराची, अननसाची. तव्यावरून उतरली की वर तुपाची धार आणि सरळ गिऱ्हाइकाच्या हातात. सरांनी त्याची सात दुकानं केली, आणि मग फ्रँचायझी द्यायला सुरुवात केली. नाव आणि पुरण कंपनीचं, बाकी जागा, कष्ट आणि काळजी घेणाऱ्याची.

मी निपाणीहून बंगळूरला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मराठी, कन्नड दोन्ही येतं म्हणून सरांनी मला ठेवून घेतलं आणि काम दिलं ते असं : "अण्णांच्या डोक्यात जे आहे ते सगळं कागदावर उतरवून घे. आपल्याला पुस्तिका करायची आहे. व्हिडिओ करायचे आहेत. उद्या अण्णा नसले तरी वर्ग चालला पाहिजे."

अण्णांना मी हे जरा घाबरतच सांगितलं. त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"निपाणी."

"सरी, बरं. तू लिही निपाणी, मी बोलतो. पण माझ्या बोलण्यात व्याकरण शोधू नको, सापडणार नाही."

त्या दिवसापासून माझं नाव निपाणी पडलं. सुजाता या नावाने त्यांनी मला कधी हाक मारल्याचं आठवत नाही.

अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत उतरलं आणि परत जायचं विसरलं, असं ते सांगायचे. घरात मराठी टिकली होती, पण कन्नडमध्ये भिजून. लिंगाच्या बाबतीत तर अण्णा फार उदार. त्यांचा बस चुकायचा, त्यांचा भाकरी करपायचा, आणि डोकं मात्र 'दुखायची'. वय बासष्ट, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाचं बटण कायम लावलेलं, आणि पँटीचे दोन्ही खिसे चिंचोक्यांनी फुगलेले.

चिंचोके होते वर्गासाठी. पहिले तीन दिवस अण्णा कुणाला तव्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत. जिथे दुकान टाकायचं मनात आहे तिथे समोरच्या फुटपाथवर जाऊन उभं राहायचं, सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास. समोरून माणूस गेला की एक चिंचोका उजव्या खिशातून काढून पिशवीत. थांबला, इकडेतिकडे बघितलं, तर एक डाव्या खिशात. मोबाइलवर मोजलेलं चालायचं नाही. "मोबाइलमध्ये बघशील तर माणूस कधी बघशील?"

बेळ्ळंदूरचा एक संगणकवाला होता. नोकरीला कंटाळून आलेला. त्याने नकाशे काढून आणले होते, किती हजार लोक राहतात, किती कचेऱ्या आहेत. अण्णांनी नकाशांचं कौतुक केलं आणि त्याला चिंचोके दिले. तिसऱ्या दिवशी तो उन्हाने लाल होऊन परत आला. पिशवी जवळजवळ रिकामी.

"माणसं होती, अण्णा. पण सगळी गाडीत."

"मग?"

"गाड्यासुद्धा थांबल्या होत्या. ट्रॅफिकमध्ये. पण कुणी उतरलं नाही."

"होळिगेला पाय नाहीत रे," अण्णा हळुवारपणे म्हणाले, "तो उडी मारून गाडीत चढत नाही." त्या संगणकवाल्याने पुढे दुसरी जागा शोधली आणि तिथे त्याचं बरं चाललं. नकाशे त्याने अण्णांना भेट दिले. अण्णांनी ते घरी कपाटाच्या फळ्यांवर अंथरले.

पाचवा दिवस घरच्यांचा. नवऱ्याने बायको आणायची, बायकोने नवरा, एकट्याने आई किंवा भाऊ. अण्णा दुकान घेणाऱ्याला बाहेर बसवायचे आणि घरच्यांना विचारायचे, "हा माणूस सकाळी उठल्यावर पहिला शब्द काय बोलतो?" एका बाईने उत्तर दिलं, "उठल्यावर दोन तास काहीच बोलत नाहीत. मग भांडतात." अण्णांनी त्या गृहस्थांना बोलावून सांगितलं की तुम्ही संध्याकाळचं दुकान घ्या, सकाळचं बेडा.

पण वर्गाची खरी शोभा होती ती गिऱ्हाइकांची परीक्षा. त्यात गिऱ्हाईक अण्णा स्वतः व्हायचे. व्हाइटफील्डचा साहेब व्हायचे : कानात फोनचे बोळे, तोंडाने मीटिंग चालू, एक बोट वर करून एक होळिगे मागायची, भुवईने ती दोन करायची आणि हातात दिल्यावर मान हलवून सांगायचं की खोबऱ्याची नव्हे, डाळीची. बनशंकरीची आजी व्हायचे : खुंटीवरची शाल डोक्यावरून घ्यायची, कमरेत वाकायचं आणि बारीक आवाजात सुरू, "हे मऊ आहे का बाळा? मला दात नाहीत. हे कालचं तर नाही? तूप म्हशीचं का? बरं, अर्धी मिळेल का?"

एकाने सांगितलं, "अर्धी नाही मिळत, आजी."

अण्णा शाल तशीच डोक्यावर, वाकलेले तसेच वाकून वर्गातून बाहेर पडले, फाटक उघडलं आणि रस्त्याला लागले. आम्ही खिडकीतून बघतोय. कोपऱ्यावरून ते ओरडले, "गिऱ्हाईक चालला! आता बोलाव परत!" तो बिचारा धावत सुटला. बसस्टॉपपर्यंत अण्णा आजीच्याच चालीने पण आश्चर्यकारक वेगाने गेले होते. त्याने तिथे भर गर्दीत हात जोडून "आजी, अर्धी देतो, चला ना," अशी विनवणी केली, तेव्हा आजी परत फिरल्या. बसची वाट बघणाऱ्या दोन बायका त्याला म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाला असं करू नये.

अण्णांचा आणखी एक वर्ग होता, तो एकाच विद्यार्थ्याचा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते प्रसन्न सरांना शिकवायचे. "घेणाऱ्याला पंधरा दिवस शिकवतो. देणाऱ्याला कोण शिकवणार?" असं त्यांचं म्हणणं. शिकवणी अशी, की सरांनी कुठल्याही एका दुकानाला फोन लावायचा, "आज काय अडलंय?" एवढंच विचारायचं आणि मग पाच मिनिटं तोंडातून शब्द काढायचा नाही. अण्णा घड्याळ घेऊन समोर बसत. सर फार हुशार माणूस, चांगल्या कॉलेजात शिकून आलेले. पण तिसऱ्या मिनिटाला त्यांचे ओठ हलायला लागायचे. अण्णा बोट वर करायचे. मी ते पुस्तिकेत लिहून घेतलं : 'मालकाने ऐकण्याचा सराव, पाच मिनिटे.' सर ते वाचून हसले, पण त्यांनी ते खोडलं नाही.

ते दिवस आठवले की मला त्या वर्गातला तापलेल्या तुपाचा वास अजून येतो.

अशाच एका वर्गात वासंती अक्का आल्या. मूळच्या धारवाडच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, मराठी छान बोलायच्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. मुलगा कॅनडात. त्याने बेळ्ळंदूरला एका मोठ्या संकुलात चौदाव्या मजल्यावर घर घेऊन ठेवलं होतं, तिथे त्या एकट्या राहायच्या. संकुलाच्या तळमजल्यावर दुकानाचा गाळा होता. आई गुंतून राहील, म्हणून मुलाने तिकडून आमच्या कंपनीशी बोलणं केलं होतं.

अण्णांनी 'बेडा' म्हटलं तेव्हा अक्कांनी वही उघडली आणि तारीख घातली.

चिंचोक्यांच्या तीन दिवसांनी त्यांची पिशवी बऱ्यापैकी भरलेली होती. वर त्यांनी आठ बायकांची नावं, त्या कुठल्या, कुणाच्या सुनेला कितवा महिना, एवढं सगळं सांगितलं. तव्यावर तर त्यांचा हात असा चालायचा की अण्णा बाजूला उभे राहून बघत. तेल लावलेल्या कागदावर दोन बोटांनी थापलेली होळिगे, कडेपर्यंत सारखी. "अक्का, हे तुम्ही मला शिकवा," अण्णा म्हणाले. हे त्यांनी दुसऱ्या कुणाला म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

घरच्यांच्या दिवशी अक्कांबरोबर कुणी आलं नाही. त्यांनी मोबाइल स्टीलच्या पेल्याला टेकवून उभा केला, त्यात मुलगा होता. अण्णांनी अक्कांना बाहेर बसवलं आणि मोबाइलसमोर खुर्ची ओढून नेहमीचा प्रश्न विचारला.

"सकाळी?" मुलगा म्हणाला. "सकाळी आई... चहा करत असेल. सॉरी, अण्णा. मला खरंच माहीत नाही."

"सॉरी कशाला? खरं बोललास." अण्णांनी मोबाइल दोन्ही हातांनी उचलून अक्कांना परत नेऊन दिला, आणि तिथेच त्यांच्या शेजारी बसले. मी वही घेऊन मागे उभी होते.

"अक्का, दुकान नको."

"का? थापायला चुकते का मी?"

"तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. पण घरात करमत नाही म्हणून दुकान घेऊ नये. दुकानात माणसं येतात, अक्का, पण ती होळिगे घ्यायला येतात."

अक्का म्हणाल्या, "खंडोजी राव, चौदाव्या मजल्यावर माझ्याकडे होळिगे घ्यायलासुद्धा कुणी येत नाही."

अण्णांनी मनगटाचं बटण काढलं आणि परत लावलं.

अक्कांना दुकान द्यावं का, या फॉर्मवरच्या प्रश्नापुढे अण्णांनी 'नाही' लिहिलं. प्रसन्न सरांनी अण्णांना वर बोलावलं. जागा चांगली, बाई हुशार, मुलाची तयारी, मग अडचण काय? अण्णा म्हणाले, "बाईला दुकान नको आहे, सर. बाईला शेजार पाहिजे." सर म्हणाले, ते आपण नाही ना ठरवायचं. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला सरांचं म्हणणंच पटलं होतं. अण्णा फक्त "सरी" म्हणाले आणि जिना उतरून गेले. दुकानाचं उद्घाटन झालं, रिबीन कापली, फोटो निघाले. अण्णा आले नाहीत.

तीनेक महिन्यांनी अण्णा कचेरीत उशिरा यायला लागले. साडेनऊचे अण्णा साडेदहाला, कधी अकराला. विचारलं तर "रिंग रोडला ट्रॅफिक." अण्णा राहायचे बनशंकरीला. तिथून जयनगरला यायला रिंग रोड धरायची काय गरज, हे कुणालाच कळेना. सरांनी मला म्हटलं, जरा बघ, तब्येत वगैरे ठीक आहे ना.

मला बघावं लागलंच नाही. पुस्तिकेबरोबरच्या व्हिडिओसाठी सकाळच्या कामाचं चित्रण हवं होतं, म्हणून मी एक दिवस न कळवता, कॅमेरा घेऊन आठ वाजता अक्कांच्या दुकानात गेले. आत अक्का ऑर्डरीचे डबे बांधत होत्या. तव्यापाशी, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, पोटावर फडका बांधून, अण्णा होळिगे थापत होते.

"अण्णा! तुम्ही इथे?"

"मी इथे नाही," अण्णा वर न बघता म्हणाले. "मी बसमध्ये आहे. तो कॅमेरा आत ठेव आणि डब्यांना झाकणं लाव."

मी झाकणं लावली. झालं होतं असं, की कामाला ठेवलेल्या दोघींपैकी एक पंधरा दिवसांत सोडून गेली होती आणि दुसरी नऊशिवाय पोचू शकत नव्हती. कचेऱ्यांच्या ऑर्डरी मात्र साडेआठला न्यायला यायच्या. अक्कांनी कंपनीला कळवलं नव्हतं. एकदा खोबऱ्याच्या पुरणाबद्दल काही विचारायला त्यांनी अण्णांना फोन केला, आणि बोलता बोलता मागे तापलेल्या तव्याचा आवाज ऐकून अण्णांनी विचारलं, "तव्यावर कोण आहे?" अक्का म्हणाल्या, मीच. "आणि डबे?" मीच. दुसऱ्या दिवसापासून अण्णा पहाटेची रिंग रोडची पहिली बस धरायला लागले.

"कचेरीत सांगू नको, निपाणी," निघताना ते म्हणाले. मी सरांना सांगितलं की अण्णांची तब्येत ठीक आहे, रिंग रोडला ट्रॅफिकच फार असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पण अक्का ज्यासाठी खाली उतरल्या होत्या ते घडत नव्हतं. संकुलातली माणसं लिफ्टने खाली यायचीच नाहीत. मोबाइलवरून मागवायची. काउंटरसमोर उभे असायचे ते हेल्मेट घातलेले, घाईतले, डबा घेऊन जाणारे लोक. तोच डबा बाहेरच्या फाटकाला वळसा घालून परत त्याच इमारतीत वर जायचा. अक्का त्या डबेवाल्यांचीच नावं, गावं विचारायच्या, पाणी द्यायच्या. सातव्या महिन्यात त्यांचे गुडघे बोलू लागले. आठव्या महिन्यात एका सकाळी तवा पुसता पुसता त्या अण्णांना म्हणाल्या, "मला आता हे होत नाही, खंडोजी राव. तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"मी सांगितलं ते बरोबर नव्हतं," अण्णा म्हणाले. "नको म्हणालो, पण मग काय करा, हे कुठे सांगितलं?"

त्याच दिवशी अण्णा स्वतः वर सरांकडे गेले. मी तिथे होते.

"सर, इतके महिने मी उशिरा येतोय, तो बेळ्ळंदूरला होतो. जे कापायचं ते कापा. पण मला आठ दिवस पाहिजेत. अक्कांचा दुकान बंद करायचाय."

सरांना आधी काही कळेचना. मग म्हणाले, "अण्णा, बंद करायला आठ दिवस? शटर ओढलं की झालं."

"शटर शेवटच्या दिवशी, सर."

त्या आठ दिवसांत मी रोज जात होते. पहिल्या सकाळी अण्णांनी अक्कांकडून एक कागद लिहून घेतला, त्यांच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात : येत्या रविवारी हे दुकान बंद होईल, तोपर्यंत रोज भेटू. तो काचेवर लावला. नेहमी येणाऱ्या प्रत्येकाला अक्कांनी स्वतः तोंडाने सांगायचं, हा अण्णांचा नियम. पहिल्या दोघांना अक्कांनी नुसतं कागदाकडे बोट केलं, अण्णा बाजूला नुसते उभे राहिले. तिसऱ्यापासून त्या सांगू शकल्या. नऊला येणाऱ्या बाईला अण्णांनी जयनगरच्या दुकानात लावून दिलं आणि पहिल्या दिवशी तिला पोचवायलाही गेले. नावाची पाटी उतरवायला कंपनीची माणसं येणार होती, अण्णांनी ती अक्कांच्या हजेरीतच उतरवायला लावली. अक्कांनी ती ओल्या फडक्याने पुसली, मगच पाटी गाडीत गेली.

रविवारी शटर दुपारी चारला ओढायचं ठरलं. मी म्हटलं, अण्णा, रविवारी संध्याकाळीच तर चार माणसं असतात. ते म्हणाले, "अंधारात बंद करायचं नाही. उजेडात करायचं. आपण काही चोरी केली नाही."

कुलूप अक्कांनी लावलं. मग अण्णांनी बंद शटरसमोर दोन खुर्च्या मांडल्या आणि थर्मासातली कॉफी काढली. येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल असं अर्धा तास बसायचं, हाही नियमच होता. प्रसन्न सर आले. त्यांना खुर्ची नव्हती, ते रिकाम्या क्रेटवर बसले आणि पूर्ण अर्धा तास काही बोलले नाहीत. दुकान बंद झालेलं बघून वरची काही माणसं थांबली, जी आठ महिन्यांत कधी थांबली नव्हती. नवव्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, "अय्यो, मी एकदा येणारच होते."

"मग वर या," अक्का म्हणाल्या. "चौदावा मजला. होळिगे मिळेल, पण बसून खावी लागेल."

ती गेली की नाही, मला ठाऊक नाही. नंतर एकदा अक्कांचा फोन आला तेव्हा मागे दोनतीन बायकांचे आवाज येत होते, एवढं सांगू शकते.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी मला पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण सांगितलं, 'दुकान बंद करताना'. कागद काचेवर कुठल्या उंचीला लावायचा, इथपासून. सरांनी त्यातला एक शब्द बदलला नाही, आजही ते तसंच आहे. लिहून झाल्यावर मी विचारलं, "अण्णा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "चल. चामराजपेटला जाऊ. ऑटोने."

ऑटोत ते बोलत होते, बाहेर बघत. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी चामराजपेटला एका आइस्क्रीम कंपनीची एजन्सी घेतली होती. कंपनीचा माणूस घरी आला, ताक प्यायला, एक पाटी, एक फ्रीझर आणि दोन टोप्या देऊन गेला. शिकवायला कुणी आलं नाही. इंग्रजीत छापलेला एक कागद आला. वीज जायची, माल वितळायचा, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळं संपलं. "एक दिवस शटर ओढला आणि मागच्या गल्लीने घरात शिरलो, घर त्याच रस्त्यावर. सावित्रीला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही. चादर ओढून पडलो. तिला सकाळी दूधवाल्याने सांगितलं."

"मग?"

"मग ती दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. तीन दिवस. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, बंद झाला, माफ करा. एकटी. मी उठलो नाही. नंतर आम्ही बनशंकरीला आलो. ते तीन दिवस कसे गेले, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता ती जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्या गल्लीत परत गेलो नाही."

त्या जागी आता फुलांचं दुकान होतं. एक बाई टोपलीत मोगरा मांडून हातावर माळा मोजून देत होती. पायरी मात्र जुनीच असावी, मधे झिजलेली, दगडाची. अण्णांनी एक माळ घेतली. मग बाईला विचारलं, "अम्मा, स्वल्प बसू का इथे?"

बाईने टोपली सरकवून जागा केली. अण्णा पायरीवर बसले, माळ मांडीवर ठेवली. समोर रस्ता, पलीकडे जुनी घरं, एका खिडकीत वाळत घातलेले कपडे. मी बाजूला उभी होते. बराच वेळ ते समोर एकाच ठिकाणी बघत राहिले. मग त्यांनी हळूच बोट केलं. निळा रंग उडालेलं एक बंद दार होतं.

"पायरीवर बसलं की आमच्या घराचा दार दिसतो," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं."